वाटणीचं दूध

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मावशी एका बाटलीतलं दूध दुसऱ्या बाटलीत ओतत होत्या."

इस्त्रीवालीनं हे सांगितलं आणि शिलाईच्या खोलीतली यंत्रं एकेक करून थांबली.

कारखान्याच्या मागच्या खोलीत पाळणाघर होतं. कामावर येताना प्रत्येक आई आपलं दूध काढून आणायची, बाटलीच्या गळ्याला आपल्या रंगाचा दोरा बांधायची आणि बाळं सांभाळणाऱ्या मावशींच्या हवाली करायची. पाच बाळं, पाच रंग.

"कुणाची बाटली होती?" कापड कापणारीनं विचारलं. तिची जीभही हातासारखीच चालायची, म्हणून सगळ्या तिला कात्री म्हणत.

"दोरे नाही दिसले गं. पाठमोऱ्या होत्या."

"दिसायला कशाला हवेत? चोरायचं तर चांगलंच चोरतील ना!" कात्रीचा मुलगा आठ महिन्यांचा, असा गुटगुटीत की घेणारीची मांडी अवघडायची. "अंगाला लागतं माझं दूध. आणि ते गेलं कुणाच्या पोटात, तेही सांगायला नको."

नजरा बटणवालीकडे वळल्या. तिची पोर सातव्या महिन्यातच जन्मलेली, अजून मूठभर. बटणवाली मान खाली घालून बटणं लावत राहिली. सुई बोटात घुसली तरी हूं की चूं नाही.

गोष्ट कारखान्याच्या साहेबांपर्यंत गेली. त्यांनी हात झटकले. "लेकरं तुमची. तुम्हीच ठरवा. मावशी नको असतील तर उद्या दुसरी बाई येईल."

मावशी ओल्या हातांनीच आल्या.

"ओतलंत?" कात्रीनं विचारलं.

"ओतलं."

"कुणाचं? कुणाला?"

"जिचं उरतं तिचं. ज्याला पुरत नाही त्याला."

"आणि आम्हाला विचारायचं नाही?" कात्रीचा आवाज चिरकला. "लेकराच्या तोंडचा घास आहे तो, मावशी!"

बटणवाली ताडकन उठली. "ऐका, मी—"

"तू बस," मावशी म्हणाल्या. "नाव कुणाचंच निघणार नाही. एखाद्या आईला चारचौघींत मान खाली घालायला लावून मला नोकरी टिकवायची नाही."

बटणवाली बसली.

"बघा, चोराच्या मनात चांदणं," कात्री पुटपुटली. मग तिनं पदरानं डोळे पुसले. "मला काय बरं वाटतंय का? माझा पहिल्या दिवशी रडून निळा पडला होता, यांनीच छातीशी धरला. पण चूक ती चूकच."

मावशी नकोत म्हणून चार हात वर गेले. बटणवालीचा गेला नाही.

मावशींनी पाचही बाळांच्या टाळूवरून हात फिरवला आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी नवी ताई आली. पोरगी चोख होती. दोरा बघून बाटली, बाटली बघून बाळ.

दुपारपर्यंत सगळं शांत होतं. मग मागच्या खोलीतून रडणं सुरू झालं, ते थांबेचना. कात्रीनं हातातलं कापड टाकलं. तेवढ्यात नवी ताई तिच्याच मुलाला घेऊन दारात आली. पोर घामानं चिंब, मूठ तोंडात कोंबत होतं.

"याची बाटली अकरालाच संपली हो. काही केल्या राहत नाहीये."

"असं कसं? रोज तर तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत खेळत असतो!"

बटणवालीनं दातानं दोरा तोडला, सुई खोचून ठेवली आणि उठून बाळाला आपल्याकडे घेतलं.

"फ्रीजमधली माझी बाटली आण गं," ती नव्या ताईला म्हणाली. "माझ्या पोरीच्यानं ती संपत नाही. दुपारचं याला माझंच असतं."