पंख्यातली लोकर

बायकोच्या गाडीच्या हीटरमधून हवाच येईना, म्हणून अच्युतराव गाडी घेऊन गॅरेजमध्ये आले. इलियास मेकॅनिकनं फ्यूज बघितला, तो धड होता. करंटही मोटरपर्यंत पोचत होता. मग त्यानं मोटरच बाहेर काढली, तर पंख्याला पिवळी लोकर गुरफटलेली.

“उंदरांचं काम, काका. मोटर जळलीय, नवी टाकतो.”

अच्युतराव चक्रावले. गाडीत लोकर कुठून आली? इलियासनं सीटखालून कुरतडलेली पिशवी काढली. आत वीतभर स्वेटर होता. त्यांनी बायकोला फोन लावला.

“गाडीत हा छोटा स्वेटर सापडला, कोणासाठी गं?”

“नातवासाठी,” ती दबकत म्हणाली. “चार महिन्यांचा झाला. लेकीचं नाव तुम्ही घरात काढू देत नाही, मग सांगणार कशी?”

अच्युतरावांनी फोन ठेवला. नवी मोटर फिरू लागली, तसा त्यांनी गरम हवेसमोर हात धरला.

“इलियास, तान्ह्या बाळाला सोसेल ना रे ही?”