मिटलेल्या डोळ्यांची बाई

"दिवा अजून थोडा डावीकडे," सजावटकार बाई म्हणाल्या, आणि घरमालकिणीने उभा दिवा हातानेच सरकवला. पांढऱ्या भिंतीवर तारेच्या चेहऱ्याची सावली लांबली. भिंतीपासून वीतभर पुढे टांगलेला तो चेहरा वाऱ्याने हलत होता, म्हणून पंखा बंद करण्यात आला.

म्हातारे शिल्पकार दारातच थांबले होते. मागे त्यांचा मुलगा, वडिलांची काठी सांभाळत.

"बसा ना, सर," घरमालकीण म्हणाली.

"आधी बघतो. बसायचं काय, नंतरही बसता येईल."

"मला जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला हा," सजावटकार बाई सांगू लागल्या. "सही नाही. पण एकाच तारेत अख्खा चेहरा, तुमच्याशिवाय कोण करणार? याच्यासाठी मी बैठकीतलं बाकी सगळं काढायला लावलं. फुलदाण्या, फोटो, ते मोठं घड्याळ. तारेला मोकळी भिंत लागते."

"सोफ्याच्या रंगाला शोभतो म्हणून नाही ना घेतलात?"

सगळे हसले. असं काहीतरी ऐकायला मिळेल, या अपेक्षेनेच तर त्यांना बोलावलं होतं.

शिल्प म्हणजे दगड, नाहीतर ब्राँझ, अशा काळात हा माणूस तारेचं भेंडोळं आणि पक्कड घेऊन उभा राहिला होता. पहिल्या प्रदर्शनात कुणीसं विचारलं होतं, "पिंजरे छान आहेत, कोंबड्या कधी आणणार?" पुढे त्याच लोकांनी आपापल्या दिवाणखान्यात ते पिंजरे टांगले. आता तर तारेचे चेहरे दुकानादुकानांत मिळत, उशांच्या अभ्र्यांना जुळतील अशा रंगांत. त्यामुळे अस्सल कोणता, हे सांगायला म्हाताऱ्यांनाच न्यावं लागे. आणि ते कुणाची भीड ठेवत नसत. गेल्या वर्षी एका गॅलरीत भर समारंभात "हा माझा नव्हे" म्हणून त्यांनी एक चेहरा भिंतीवरून उतरवायला लावला होता. मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मुलगाही तारेतच काम करायचा. दिव्यांच्या शेडचे सांगाडे वळायचे आणि फर्निचरच्या शोरूमला द्यायचे. दिव्यांना टोप्या घालतो म्हणून वडील त्याला 'टोपीवाला' म्हणत, पाहुण्यांसमोरसुद्धा. तरुणपणी त्याने चेहरे करून पाहिले होते. "तुझ्या हातात तार मरते रे," वडील म्हणाले होते. त्यानंतर त्याने त्यांना काही दाखवलं नाही. आई गेल्यावर वडिलांनी घर बदललं, बरंचसं सामान परस्पर भंगारात काढलं, तेव्हाही तो काही बोलला नाही.

आता मात्र तो म्हणाला, "बाबा, नीट बघा. घाई करू नका."

"तू मला बघायला शिकवू नकोस."

म्हातारे पुढे झाले. मिटलेले डोळे, किंचित विलग झालेले ओठ, गळ्याशी अर्ध्यातच सोडून दिलेली रेषा. त्यांनी कपाळावरून बोट खाली आणलं. पापणीपाशी ते थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

मुलगा भिंतीकडे बघत नव्हता. वडिलांच्या तोंडाकडे बघत होता.

"माझाच आहे," म्हातारे म्हणाले.

सजावटकार बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. घरमालकिणीला काय करावं सुचेना. तिने उगाच उशा सारख्या केल्या, मग चहा आणायला सांगितला.

"आणि ही कोण, सर?"

"एक नटी होती." म्हातारे आता सोफ्यावर ऐसपैस बसले. "तालमीवरून यायची ती दमून. समोर बसवलं की बसल्या बसल्या झोप लागायची तिला. तशीच पकडली एकदा. तार कुठेही तोडली नाही. तोडली असती तर ती जागी झाली असती."

घरमालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. सजावटकार बाईंनी हसत विचारलं, "आणि घरात चालायचं हे? मिसेस काही म्हणायच्या नाहीत?"

"ती काय म्हणणार? दोघांना चहा आणून द्यायची बिचारी."

पुन्हा हशा झाला. मुलाने कप खाली ठेवला.

"आवडला नाही का चहा?" घरमालकिणीने विचारलं.

"नाही, चांगलाय," तो म्हणाला. "गरम आहे."

निघताना घरमालकीण म्हाताऱ्यांच्या पाया पडली. ते खूश होते. गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःच पट्टा लावला, एरवी मुलाला लावून द्यावा लागे.

बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, "तो माझा नाही."

मुलाने समोर बघत विचारलं, "मग हो का म्हणालात?"

"गॅलरीतला होता ना, तो माझा होता. कच्चा होता, लाज वाटली. आणि हा..." त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "असली पापणी मला जन्मात जमली नाही. कुणी केलाय कोण जाणे. राहू दे आता माझ्या नावावर. मेल्यावर निदान एक तरी चांगलं काम मागे राहील."

"आणि ती नटी?"

"कसली नटी अन् कसलं काय! लोकांना काहीतरी सांगावं लागतं." ते खिडकीबाहेर बघू लागले. सिग्नल लागला होता. "पण कोण असेल रे ती बाई? ज्याने केलाय त्याच्या फार जवळची असणार. त्याशिवाय इतकं बघत नाही कुणी."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला.

"आई," मुलगा म्हणाला. "हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून मी केला होता. तुम्ही प्रदर्शनाला गेला होतात तेव्हा."