सणाचा दुसरा बळी

कोकरात खोट सापडेना, तसा याजक हशब्याला घाम फुटला. डोळे पाहिले, दात पाहिले, चारही खूर उलटे करून पाहिले. एरवी लोक लंगडी मेंढी 'चालून दमलीय' म्हणून वेदीवर खपवायला बघत आणि हशब्या ती परत पाठवी. आज सगळं उलटं होतं. खोट निघावी म्हणून तिर्सा डोळ्यांत प्राण आणून उभी होती. नवरा गेल्यावर तिच्या वाट्याला हे एवढं एक मादी कोकरू आलं होतं. पुढं कळप होणार तो त्याच्यातूनच.

दोरी मात्र तिच्या थोरल्या दिराच्या, शेमेरच्या हातात होती. सणाला त्यानं चार गावांचे वडीलधारे जेवायला बोलावले होते आणि सकाळी वाहिलेल्या मेंढीचं पातेलं दुपारीच रिकामं झालं होतं.

"भावाच्या नावानं देतोय, याजकबाबा," तो म्हणाला. "तिर्सा, देवाला नाही म्हणतेस का तू?"

"देवाला नाही म्हणत, भावजी," ती खाली बघत म्हणाली.

एवढ्यात संदेष्टा याकीम दगडावर चढला. सण आणि याकीम कधी चुकत नसत.

"डोंगर ज्यानं उभे केले त्याला तुमच्या पातेल्यातला घास हवाय होय? त्याला न्याय हवाय! विधवेच्या दारातलं ओढून आणता आणि वर धूर करता!"

लोकांनी माना डोलावल्या. दर सणाला ते डोलवत आणि मग आपापलं जनावर घेऊन रांगेत उभे राहत.

"आणि या हशब्याला विचारा! बळीची छाती आणि उजवी मांडी याजकाची! याचा देव रश्शात राहतो!"

हे अगदीच खोटं नव्हतं. घरी हशब्याच्या बायकोनं कांदे सोलून ठेवले होते.

"ओरडणं पुरे," शेमेर म्हणाला. "नियम याजकबाबा सांगतील. देवानं बळी मागितलाय की नाही?"

"मागितलाय," हशब्या म्हणाला. काय करणार, मागितला होता. नियम त्याला तोंडपाठ होते.

तिर्सा मटकन खाली बसली. याकीम नुसता हसला. ते हसणं हशब्याच्या जिव्हारी लागलं. त्यानं सुरी उचलली.

शेमेरला आता चेव आला. तो गर्दीकडे वळला. "मी हात आखडता घेणारा माणूस नाही! सकाळी या कोकराची आई दिली, आता ही. आई-लेक दोघी एकाच दिवशी! दाखवा असा दुसरा भक्त!"

हशब्याची सुरी हवेतच राहिली.

"काय म्हणालास, शेमेर? जरा मोठ्यानं सांग. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

शेमेरनं छाती फुगवून पुन्हा सांगितलं.

"याकीम, ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग साक्षीदार झालास." हशब्यानं सुरी खाली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो याकीमपेक्षा मोठ्यानं ओरडला, "आई आणि तिचं पिल्लू एकाच दिवशी कापायचं नाही! हाही देवाचाच नियम! सोड ती दोरी!"

दगडावरच्या याकीमचं तोंड उघडंच राहिलं. "हे... हे तुमच्या नियमांत आहे?"

"पहिल्यापासून. तू जरा थांबून श्वास घेतला असतास तर ऐकवलं असतं."

शेमेर गोरामोरा झाला. "मग आता?"

"उद्या सकाळी आण की. देव उद्याही इथंच आहे."

"उद्या पाहुणे कुठं असणार?" शेमेर बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

आधी एक म्हातारी हसली, मग रांग हसली, मग शेमेरचे पाहुणेही दाढीआड तोंड लपवून हसले. शेमेरच्या हातून दोरी कधी गळली हे त्यालाही कळलं नाही. बायकांनी डफ उचलले.

"मी हेच सांगत होतो!" याकीमनं दोन्ही हात वर केले.

"तू ओरडत होतास, सांगितलं मी!" हशब्यानंही हात वर केले. उजवी मांडी गेली होती, पण त्याची मान इतकी ताठ कुणी कधी पाहिली नव्हती. लोक जल्लोष करत होते आणि तो आपल्याचसाठी आहे याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

तिर्सा ते बघायला थांबली नाही. कोकरू मानेवर टाकून, गर्दीतून वाट काढत ती टेकडी उतरू लागली. घाबरलेल्या कोकरानं तिच्या पाठीवरच धार सोडली.

"अगं, सगळी भिजलीस की!" वाटेत कुणीतरी ओरडलं.

"भिजू दे," तिर्सा म्हणाली. "माझीच आहे."