रस्त्याच्या कडेला

"अकरा म्हणजे अकरा! उशीर केलास, तर कारखाना शेजारच्या टेनेसी राज्याला आंदण दिलास म्हणून समज," असं तिच्या साहेबांनी लोरेटाला सकाळीच बजावलं होतं. कारखान्यासाठी जागा शोधायला जर्मनीहून आलेल्या कोलरसाहेबांना गाडीत शेजारी बसवून ती अलाबामातली आपल्या गावाजवळची जागा दाखवायला निघाली होती. चारशे हातांना काम मिळणार होतं, आणि अकराला दहाच मिनिटं उरली होती.

तेवढ्यात समोरून शवपेटीची गाडी आली. मागे दिवे लावलेल्या मोटारींची लांबलचक रांग. लोरेटाने गाडी कडेला घेतली. पुढचे-मागचे सगळेच थांबले. एका ट्रकवाल्याने खाली उतरून टोपी छातीशी धरली.

कोलरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "कोणी मोठा माणूस होता का?"

"ठाऊक नाही."

"मग तुमच्या ओळखीचा?"

"नाही हो. पण शेवटचं निघालेल्या माणसासमोरून घाईने कसं जायचं?"

अकरा वाजून गेले. लोरेटाचा जीव टांगणीला लागला, पण शेवटची मोटार जाईपर्यंत तिने चावीला हात लावला नाही.

कोलरसाहेब हळूच म्हणाले, "आता आमचीही माणसं घरदार सोडून इथे राहायला येतील. त्यांच्यातला कोणी गेला, तर त्याच्यासाठी कोण थांबेल?"

लोरेटा ताठ बसली. "का? तो काय वेगळ्या रस्त्याने जाणार आहे?"