मडगार्डवरचा हात

नवरा गेल्यावर पंचफुलाबाईंनी त्याचा जुना ट्रॅक्टर राजूरच्या कलीम मिस्त्रीकडे आणला. तो अजून शेतात चालत होता, पण धूर फार ओकायचा.

“इंजिन बराबर करा,” त्या म्हणाल्या. “पन डाव्या मडगार्डला बिलकुल हात लावू नका. ट्रॅक्टर चालवताना ह्यांचा हात तिथंच ऱ्हायचा.”

तिथं तळहाताएवढा रंग झिजून लोखंड उघडं पडलं होतं.

मिस्त्रीने होकार दिला. पण इंजिन बांधून झाल्यावर बाकीचा ट्रॅक्टर त्याला फारच कळकट दिसू लागला. त्याने सगळाच रंगवून टाकला, मडगार्डसुद्धा. मावशी बघून खूश होतील, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवून आला, तर त्याच जागचा रंग गेला होता. ट्रॅक्टर जागचा हललाही नव्हता. त्याने पत्रा घासून पुन्हा रंगाचे दोन हात दिले.

तिसऱ्या दिवशी तळव्यासोबत पाची बोटंही उमटली होती.

मिस्त्री वरमला. गेलेल्या माणसाची खूण आपण पुसायला नको होती. त्याने पंचफुलाबाईंना बोलावून घेतलं आणि झालं ते सगळं सांगितलं.

“माफ करा मावशी. मालकांनी त्यांची जागा परत घेतली. आता मी हात लावत न्हाई.”

पंचफुलाबाईंनी डोळे पुसले. त्या खुणेवर हात ठेवून एकेका बोटावरून फिरवला. मग हळूच मागं घेतला.

“मिस्त्री, हा ह्यांचा हात न्हाई,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं लग्नाआधीच मळणीच्या मशीनीत गेल्ती.”