गढीची पांढरी माती

"साहेब न्हाई म्हणले," बुरुजावरून उतरत बन्सीधरने सांगितलं आणि मोबाइल खिशात टाकला.

गौराबाईने रिकामं घमेलं उचललं. तिचं माळवद गळत होतं. लेक रुद्राणी बाळंतपणाला यायची होती आणि जिंतूरचे इवाई, म्हणजे तिचे सासरे, अडून बसले होते. गळक्या घरात सून धाडणार नाही म्हणत होते. माळवदावर गढीच्या पांढऱ्या मातीचा थर हवा. तिच्यातून पाणी झिरपत नाही.

गढी निजामाच्या काळातली. देशमुख तिथे बसून आसपासच्या गावांचा सारा गोळा करायचे. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला गेले ते गेलेच. राखणीला बन्सीधरच्या आज्याला ठेवलं. तेव्हापासूनचा रिवाज, की देशमुखांच्या हुकमाशिवाय ढेकूळ हलवायचं नाही. हुकूम यायचा बन्सीधरकडे. रेंज बुरुजावरच मिळते, म्हणून तो वर जाऊन बोलायचा. त्याच्या मर्जीतल्यांना साहेब हो म्हणायचे. गौराबाईशी त्याचं बांधावरून वाकडं. इतकं, की तो रुद्राणीच्या लग्नालाही गेला नव्हता. तिला साहेब दरसाल नाहीच म्हणायचे.

पुढच्या सोमवारी गढीसमोर एक गाडी थांबली. काळा चष्मा, कडक इस्त्रीचे कपडे, चांदीच्या मुठीची काठी. पाहुण्याने चारही बुरुज निरखले. गढी कोणाची, असं विचारलं. बन्सीधर तोंड उघडायच्या आत गौराबाईने गढीची सगळी कुळकथा सांगितली आणि शेवटी आपलं माळवदही सांगितलं. मग समोरच्या घरातून बिनसाखरेचा चहा आणला. पाहुण्याने तो चवीने घेतला.

"बाईंना दोन घमेली नेऊ द्या की," तो बन्सीधरला म्हणाला.

"साहेबाला इचारावं लागतंय."

"विचारा."

बन्सीधर बुरुजावर गेला. फोन कानाला लावून बराच वेळ जी जी केलं आणि खाली आला.

"साहेब लय तापले. म्हणले, मूठभर बी देऊ नको."

पाहुण्याने चष्मा काढला. आपला फोन खिशातून काढून त्याच्याकडे पाहिलं, मग बन्सीधरकडे.

"मी असं कधी म्हणालो?"

बन्सीधरने वाकून पाय धरले, रेंजला दोष दिला, आज्याची शपथ घेतली. मग स्वतःच फावडं घेतलं. आपला ट्रॅक्टर लावला. संध्याकाळपर्यंत गौराबाईच्या माळवदावर माती पडली, पसरली, चोपून झाली. पाहुणा बाजेवर बसून काठीने कोपरे दाखवत होता. शेवटी बन्सीधर पुन्हा पाया पडला आणि पाठ न दाखवता निघून गेला.

गौराबाईने माळवदावर घागरभर पाणी ओतलं. घरात येऊन आढं पाहिलं. थेंब नव्हता. मग ती पदर सावरत बाजेजवळ आली.

"आता तरी धाडताल न्हवं रुद्राणीला, इवाई?"