नळीच्या मापाची गोळी

क्लबचा पंच आर्विड याने निशाणाचा कागद टेबलावर पसरला आणि खिशातून भिंग काढलं. रेइनोच्या पाचही गोळ्यांनी कागदाला गोल भोकं पाडली होती. इतकी गोल, की रेइनोला भरून आलं.

"बघ विल्हो," तो थोरल्या भावाला म्हणाला, "याला म्हणतात भोक. गेल्या वर्षीचा तुझा-माझा कागद आठव. बकरीने चघळल्यासारखा दिसत होता."

रायफल बापाची, रशियन लष्कराची, दोघांपेक्षा वयाने मोठी. दर ऑक्टोबरात दोघे भाऊ क्लबच्या मैदानावर तिच्यातून पाच-पाच गोळ्या झाडत. जिंकेल त्याच्या भिंतीवर ती वर्षभर राही. बरीच वर्षं ती रेइनोच्याच भिंतीवर होती. यंदाचा निकाल मात्र कायमचा होता. विल्होचे गुडघे मिशिगनच्या बर्फाला वैतागले होते. पुढच्या आठवड्यात तो लेकीकडे अ‍ॅरिझोनाला निघाला होता, आणि जिंकला तर रायफलही निघणार होती.

रेइनोचा अख्खा हिवाळा या गोळ्यांत गेला होता. दुकानातली गोळी इंचाच्या तीनशे बारा हजारांश जाडीची. या रायफलच्या नळीत ती सैल बसे, बाहेर पडली की कोलांट्या खाई आणि कागदावर आडवी आदळे. शेवटी त्याने मासे धरायच्या गळाचं शिसं नळीतून ठोकत ठोकत पलीकडे काढलं आणि मोजलं. तीनशे सोळा! एवढ्या जाड गोळीचा साचा मिळवायला त्याने ओळखीच्या सगळ्या म्हाताऱ्यांना फोन केले. शिसं स्वयंपाकघरात वितळवलं म्हणून बायकोने, लेम्पीने, अबोला धरला. त्या शांततेत काम भराभर उरकलं.

गोळ्या झाल्यावर निम्म्या त्याने विल्होला दिल्या. रायफल एक, गोळीही एकच, हा बापाचा नियम.

"पंचेचाळीस," आर्विड म्हणाला. "विल्होचे सेहेचाळीस."

"भिंग पूस आधी."

"पुसलंय. ही दोन भोकं बघ. नऊच्या रेषेला टेकलीच म्हणायची, पण टेकलेली नाहीत. भोक रेषेला शिवलं तर वरचा गुण, नाही शिवलं तर खालचा." आर्विडने भिंग खिशात ठेवलं. "गेल्या वर्षीसारखी गोळी आडवी आदळली असती तर इंचभर लांब भोक पडलं असतं. दोन्ही शिवली असती."

"म्हणजे इतकी वर्षं मी जिंकत होतो ते..."

"मी कुठे काय म्हणालो? मी फक्त रेषा बघतो."

लेम्पीने थर्मासमधली कॉफी ओतली. "माझं चांगलं पातेलं जाळून सरळ केलीस ना गोळी? मग आता घे कॉफी."

विल्हो मात्र दहा वर्षांनी तरुण झाला होता. "खरं सांगू रेइनो? मला वाटायचं, माझा हातच गेला. घरात कुणाला बोललो नाही. आणि हरामखोर गोळ्याच निघाल्या!" त्याने भावाच्या खांद्यावर थाप मारली. त्यांच्या घराण्यात मिठी म्हणजे एवढंच.

मग त्याने रायफल घोंगडीत गुंडाळली आणि गाडीच्या मागच्या सीटवर निजवली. बापालाही शेवटी दवाखान्यात नेताना त्याने असंच निजवलं होतं. दार लावून तो परत आला.

"उरलेल्या गोळ्या नेतो. पण संपल्या की? तिकडे दुकानदाराला माप काय सांगू?"

रेइनो गाडीच्या काचेतून घोंगडीकडे बघत राहिला. लेम्पीने हिवाळाभर ते माप त्याला झोपेत बडबडतानासुद्धा ऐकलं होतं. ती कपात बघू लागली.

"बोल की लेका. मला आकड्यातलं काही कळत नाही, तू सांगशील ते घेईन."

"तीनशे बारा," रेइनो म्हणाला. "कुठल्याही दुकानात मिळते."